नऊ भिंती, पाच वाक्यं

पाचवीच्या निकालाचा कागद घेऊन ती बाई मावशीच्या अंगणात आली तेव्हा मी माठाजवळ उभी राहून पाणी पीत होते. मे महिना नुकताच लागला होता. ती जंगलातून तेंदूची पानं तोडून थेट आली होती. डोक्यावरचा भारा तिने उतरवला, हात लुगड्याला पुसले आणि कागद माझ्यापुढे धरला.

"वाच बाई. पोट्टी त काई सांगत नाई."

मी वाचला. बाकीचे विषय कसेबसे निघाले होते. मराठीपुढे लाल शाईने लिहिलं होतं, 'पुनर्परीक्षा'.

"म्हणजे पास का नापास?"

"अजून नापास नाही, काकू. जूनमध्ये पुन्हा परीक्षा घेतील. त्यात निघाली तर सहावीत जाईल."

"अन् नाई निघाली त?"

"तर पुन्हा पाचवीत बसेल."

तिने कागदाची घडी केली. "मंग घरीच राहीन. बकऱ्या हायेत." ती हे रागाने म्हणाली नाही. घरातली एखादी गोष्ट आधीच ठरलेली असते, ती फक्त सांगायची राहिलेली असते, तसं म्हणाली. भारा उचलता उचलता थांबली. "गुरुजी म्हणे का मागच्या साली तुमच्या गावात त्या पोरीनं कागद वाटला, म्हणून यंदा खरं खरं लिवलं. तो कागद तूच वाटला होता ना व?"

मी हो म्हटलं.

"बरं केलं," ती म्हणाली आणि गेली. टोमणा होता की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

तो कागद मीच लिहिला होता, मीच छापून आणला होता. त्याचं शीर्षक होतं, 'वाचता येत नाही, तरी पास कसे?' मागच्या उन्हाळ्यात मी मावशीकडे पंधरा दिवस राहायला आले होते. तिचं गाव चिचगडच्या अलीकडे, रस्ता सोडून जंगलात शिरलं की लागतं. तिथल्या पोरांना सहज म्हणून पुस्तक वाचायला दिलं, तर पाचवी पास झालेल्यांतली बरीचशी पहिल्याच ओळीवर अडली. मला रात्रभर झोप लागली नाही. गोंदियाला परत जाऊन मी ते पत्रक काढलं, एसटीने परत आले, शाळेच्या फाटकावर चिकटवलं, चिचगडच्या बस थांब्यावर वाटलं. आता वर कुठेतरी खुर्च्या हलतील, असं मला खरोखर वाटलं होतं. खुर्ची एकही हलली नाही. एका गावातल्या एका शिक्षकाने एका मुलीचा पेपर खरा तपासला, एवढंच झालं. बाकीची पोरं अडखळत का होईना वाचत होती. ही एकच अजिबात वाचत नव्हती.

माझ्या पत्रकाने पहिल्यांदा काहीतरी घडवलं होतं, आणि जे घडलं ते एका अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर आलं होतं.

मी पत्रकांवर वाढले. गोंदियाजवळच्या मुर्रीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आई विड्या वळायची आणि बाबा विडी कामगारांसाठी परचे लिहायचे, अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत. छापून आलेल्या गठ्ठ्याच्या घड्या घालणं हे माझं काम. अक्षरं मला त्या घड्यांतून कळली. मी वाचलेला पहिला शब्द 'साथियो' होता आणि त्याच्यापुढचं उद्गारचिन्ह हेही मला बरीच वर्षं एक अक्षरच वाटत होतं. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, मागण्या होत्या. त्यामुळे लिहिलेल्या शब्दाने जग बदलतं, यावर माझा इतरांचा देवावर असतो तेवढा विश्वास होता.

त्या विश्वासानेच मी त्या उन्हाळ्यात जूनच्या परीक्षेपर्यंत मावशीकडे राहायचं ठरवलं. शाळेला कुलूप होतं, पण व्हरांडा उघडा होता. पहिल्या दिवशी अकरा पोरं आली. दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी व्हरांड्यात मी आणि एक कुत्रा. तेंदूपत्त्याचा हंगाम भरात होता. अंधार असतानाच अख्खी घरं जंगलात निघून जात, उन्हं चढली की परतत, आणि मग सावलीत बसून पानांचे पुडके बांधत. सत्तर पानांचा एक पुडका. सहा वर्षांची पोरंसुद्धा न बघता, गप्पा मारता मारता बरोबर सत्तर पानं मोजून बांधत. मग ऊन असं व्हायचं की अंगणातली कोंबडीही हलत नसे. चार वाजले की बकऱ्या बाहेर काढायच्या. अंधार पडला की जेवण आणि झोप. गोंदियात तेव्हा चौकाचौकात समर कॅम्पचे फलक लागले होते, पोहणं, चित्रकला, घोडेस्वारी. सुट्टी हा शब्द एकाच जिल्ह्यात किती वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, यावर मी वहीत दोन पानं संतापून लिहिली. त्या दोन पानांनी त्या मुलीला एक अक्षर आलं नाही.

मी तिच्या आईकडे गेले. "काकू, तिला रोज एक तास माझ्याकडे पाठवा."

"कोणता तास पाठवू, तूच सांग."

मी सकाळपासून मोजत गेले आणि मला तास सापडला नाही.

ती मुलगी उंच होती, वयाच्या मानाने फारच. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. माणसांशी कमी आणि बकऱ्यांशी जास्त बोलायची. पुन्हा पाचवीत बसायचं म्हणजे धाकट्या पोरांमध्ये ताडासारखं बसायचं, हे तिला कळत होतं. "मी नाई बसत," ती मला म्हणाली. "हसतेत." म्हणजे जून हा तिच्यासाठी दरवाजाच होता. उघडला तर चिचगडची मोठी शाळा, सायकल, गणवेश. बंद झाला तर बकऱ्या, आणि आणखी चार-सहा वर्षांनी कोणाच्या तरी घरच्या बकऱ्या.

बकऱ्यांच्या मागे मागे चार दिवस फिरल्यावर मला भिंती दिसल्या.

तिच्या बकऱ्यांच्या कोठ्यापासून तलावापर्यंतच्या गल्लीत नऊ घरं होती. नऊही घरांच्या मातीच्या भिंती गल्लीकडे तोंड करून उभ्या. रोज चार वाजता ती त्यांच्यासमोरून जाते, दिवे लागायच्या आधी परत येते. मुलगी शाळेत येऊ शकत नसेल तर शाळा तिच्या वाटेवर नेऊन ठेवायची. बाबांनी आयुष्यभर हेच केलं होतं. कामगार सभेला येत नाही तर कारखान्याची भिंत रंगवायची. मी गेरू कालवला, मावशीकडचा जुना ब्रश घेतला आणि भर दुपारी, गाव झोपलं असताना, नऊ भिंतींवर नऊ वाक्यं लिहिली. हातभर उंच अक्षरं. 'शिक्षण आमचा हक्क आहे.' 'घाबरू नका, प्रश्न विचारा.' 'जंगल राखतो तो जंगलाचा मालक.' अशी नऊ. कोणाला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मावशी उठून बाहेर आली. कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "बाई व! निवडणूक लागली का?"

संध्याकाळी मी त्या मुलीबरोबर चालले. प्रत्येक भिंतीपाशी थांबून बोटाने अक्षरं दाखवत मी वाचायचे आणि ती माझ्यामागून म्हणायची. बकऱ्या तोवर कोणाच्या तरी कुंपणात तोंड घालायच्या. दुसऱ्या भिंतीपाशी बाजेवर एक आजोबा बसलेले असत. "रोज तेच तेच कायले वाचतेस व?" ते तिला विचारत. "भित पळून चालली का?"

"परीक्षा हाये ना आजा!"

"भितीची का तुही?"

दहा-बारा दिवसांनी मी वाचायचं थांबवलं. ती एकटी म्हणू लागली. आधी दोन भिंती, मग पाच. मे संपता संपता एका संध्याकाळी ती नऊही भिंती न अडखळता वाचत गेली. बोट अक्षरांखालून सरकवत, मी शिकवलं होतं तसं. शेवटच्या भिंतीपाशी तिने मागे वळून पाहिलं आणि तो तुटका दात दाखवून हसली. आजोबांनी बाजेवरून टाळ्या वाजवल्या. मी तलावाच्या पाळीवर गेले, कारण तिथेच फोनला रेंज यायची, आणि बाबांना सांगितलं, "वाचते ती, बाबा!"

"शाब्बास बेटा," ते म्हणाले. "अब अगला परचा निकाल."

अगला परचा माझ्या मनात लिहून तयारच होता. भिंत हीच शाळा, असं काहीतरी त्याचं शीर्षक होतं. मी किती आनंदात होते, हे आठवलं की आजही कान तापतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या एका घरी लग्न निघालं. लग्न एका घरी असलं तरी गल्ली सगळ्यांची पोतारली जाते. पांढऱ्या मातीच्या पाण्यात चिंध्यांचा बोळा बुडवायचा आणि भिंत वरून खाली पुसत यायची, याला तिथे पोतारणं म्हणतात. ते बायकांचं काम. मी सकाळी उठून गल्लीत आले तर 'शिक्षण आमचा' शिल्लक होतं आणि 'हक्क आहे' पांढरं झालेलं. ज्या घरावर कोहळ्याचा वेल चढलेला होता, त्या घरची बाई हातात बोळा घेऊन उभी होती.

"काकू, थांबा ना! परीक्षा आहे तिची. पंधरा दिवस राहू द्या."

"भित कोणाची व?" तिने विचारलं.

"हे सगळ्यांसाठी लिहिलं आहे."

"सगळ्यायसाठी? मंग सगळ्यायनं पोतारायले या ना. दरसाली माहेच हात मोडतेत." ती वळली. "इचारलं का तू लिवताना? माह्या भितीवर लाल लाल करून ठेवलं. पावणे म्हणतीन, या घरात कोण नेता झाला?"

बाकीच्या बायका हसल्या. मी लाल झाले. हक्कांबद्दल लिहिताना भिंत कोणाची, हे मी विचारलं नव्हतं. आणि ज्यांच्या हातांनी ती भिंत दर वर्षी उभी राहते त्यांना मी सांगत होते की हे तुमच्यासाठीच आहे. मी मातीच्या पाण्यातला दुसरा बोळा उचलला. दोन दिवस मी त्यांच्याबरोबर पोतारलं. माझीच अक्षरं मी माझ्या हातांनी पुसली. गेरू लवकर जात नाही, तीन-तीन हात द्यावे लागले. खांदे भरून आले. "धीरे पुस व," बायका म्हणायच्या, "हक्क निघून जाईन."

लग्न आटोपल्यावर मी घरोघर जाऊन विचारलं. आता कोणीही नाही म्हणालं नाही. पण प्रत्येकीला आपल्या भिंतीवर काय हवं ते स्वतः ठरवायचं होतं. कोहळ्याच्या वेलाच्या घरी 'ते घाबरू नका वालं' हवं होतं. आजोबांची सून म्हणाली, मला जंगलवालं वाक्य नको, ते कोपऱ्यावरच्या घराला दे. मीही आनंदाने वाटून दिली. वाक्यं तीच नऊ, भिंती त्याच नऊ, फक्त जागा बदलल्या.

त्या संध्याकाळी ती बकऱ्या घेऊन आली. पहिली भिंत कोहळ्याच्या वेलाची. तिच्यावर आता 'घाबरू नका, प्रश्न विचारा' असं ताज्या गेरूने लिहिलेलं होतं. तिने अक्षरांखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "शिक्षण आमचा हक्क आहे."

मला वाटलं, थट्टा करते आहे.

दुसऱ्या भिंतीपाशी तिने जुन्या दुसऱ्या भिंतीचं वाक्य म्हटलं. तिसऱ्या भिंतीपाशी तिसरं. बोट बरोबर सरकत होतं. वाक्य संपायचं तेव्हा बोट कधी मधेच असायचं, कधी भिंतीच्या बाहेर गेलेलं.

मी तिला मागे नेलं. "हे काय लिहिलं आहे?"

"शिक्षण आमचा..."

"हे पहिलं अक्षर कोणतं?"

तिने अक्षराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर वेलाकडे. "हे त कोहळ्याचं घर हाये ना, ताई."

ती घरं वाचत होती. कोहळ्याचं घर म्हणजे शिक्षण, बाजेचं घर म्हणजे जंगल, तुटक्या खिडकीचं घर म्हणजे आणखी काहीतरी. महिनाभर मी तिच्याकडून नऊ घरं पाठ करून घेतली होती. परीक्षेला दहा दिवस उरले होते.

मी तिला काही बोलले नाही, एवढं एक तरी बरं केलं. तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. पाणी खूप आत गेलं होतं आणि काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. घोषणा पाठ व्हावी म्हणूनच लिहिलेली असते. एकदा ऐकली की तोंडात बसली पाहिजे, डोळे मिटून म्हणता आली पाहिजे. मी तिला वाचायला असं काहीतरी दिलं होतं जे वाचावं लागतच नाही. आणि मग मला आणखी भयंकर वाटलं. मी तरी मुर्रीच्या त्या खोलीत परचे वाचत होते की म्हणत होते?

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात कधी करीन असं वाटलं नव्हतं ते केलं. मावशाजींची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, सायकल घेतली आणि चिचगडला गुरुजींच्या घरी गेले. ते बनियनवर बसून मुलाच्या पंख्याचं बटण दुरुस्त करत होते. मला ओळखून त्यांनी सदरा घातला आणि पाणी आणायला सांगितलं. चाळिशी ओलांडलेला माणूस. मागच्या वर्षी मी पत्रकात त्यांच्यासाठी जे शब्द वापरले होते, ते मला त्या खोलीत बसल्यावर एकेक करून आठवले.

"सर, तिला पास करा," मी म्हणाले.

ते स्क्रू पिळत राहिले. "ताई, पास करायचो तेव्हा तुम्ही कागद काढला. आता नापास केली तर तुम्ही रडता. मी काय करू तेवढं सांगा."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माझ्याकडे दोन वर्ग आहेत. अन् शाळेच्या बाहेरचीही कामं आहेत. तुम्ही ते लिहिलं नाही." ते चिडले नव्हते. "ती मुलगी वर्गात बोलत नव्हती. बोलत नाही त्या पोराकडे माझं लक्ष जात नाही, हे माझं चुकलं. हे मी तुम्हाला सांगतो, कागदावर लिहून देणार नाही."

"तिची आई तिला घरी बसवेल, सर."

"माहीत आहे." त्यांनी बटण लावून पंखा सुरू करून पाहिला. तो फिरला. "पेपरात एक प्रश्न असतो. स्वतःच्या मनाने पाच वाक्यं लिहा. बाकी पेपर तिला जमणार नाही, मी धरून चालतो. ती पाच वाक्यं तिने लिहिली तर मी पास करतो. पण पाच पाहिजेत. अन् तिची पाहिजेत. तुमची नाही."

परत येताना चढावर सायकलची साखळी उतरली. ती बसवत रस्त्याकडेला बसले असताना माझ्या लक्षात आलं, की मी एका माणसाकडे खोटा निकाल मागायला गेले होते आणि तो माणूस निकाल खरा ठेवण्यासाठी भांडत होता.

पाच वाक्यं. नऊ दिवस. भिंतींवर मला भरवसा उरला नव्हता. मी सरळ तिच्या घरी गेले. तिची आई पावसाळ्याआधी बकऱ्यांच्या कोठ्याची भिंत शेणमातीने लिंपत होती आणि ती मुलगी खाली बसून गारा, म्हणजे ती कालवलेली शेणमाती, मळत होती. मीही बसले, हात गाऱ्यात घातले. लिंपून झालेल्या ओल्या पट्ट्यावर ती मुलगी मधेमधे बोटांनी रेघा ओढत होती, सगळ्याच पोरी ओढतात तशा.

"यातली सगळ्यात खोडकर बकरी कोणती?" मी विचारलं.

"कानतुटकी. कालच्याले माही भाकर खाल्ली."

मी तिचं बोट धरलं नाही. माझ्या बोटाने ओल्या भिंतीवर लिहिलं, 'बकरीन भाकर खाल्ली.' ती बोलते तसं. शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी बाबा अख्खा गठ्ठा रद्द करायचे. मग एकेक अक्षर दाखवलं. ब. क. री. आता हा ब आणखी कुठे आहे? तिला एकही सापडला नाही; नव्हताच, मी घाईत विचारलं होतं. मग तिने भाकरमधल्या क कडे बोट नेलं आणि बकरीमधल्या क वर आणलं. "हे दोघं सारखे हायेत," ती म्हणाली. महिन्याभरात तिने पहिल्यांदा घराकडे न पाहता अक्षराकडे पाहिलं होतं.

तेवढ्यात तिच्या आईने गाऱ्याचा हात फिरवून ते पुसून टाकलं.

"काकू!"

"भेग पडन ना मंग. ओलं हाये तवरच गुळगुळीत कराले लागते."

मी ओरडणार होते. मग ती मुलगी पुन्हा त्याच जागी, आता जिथे काहीच नव्हतं तिथे, वाकडा क काढू लागली. पाठीमागे कोणतंही घर नव्हतं. वेल नव्हता, बाज नव्हती. जे तिने काढलं नव्हतं ते तिथे नव्हतंच.

तो कोठा एका दिवसात लिंपून झाला असता. त्या बाईने तो नऊ दिवस लिंपला. एक हातभर पट्टा रोज ओला ठेवायची, रोज पुसायची. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. "बाहेरून पाह्यलं त लोकायले वाटन का ही येडी झाली," ती एकदा म्हणाली, "एवढ्या बकरीच्या कोठ्याले कायले एवढी पॉलिश?" पण रोज सकाळी जंगलातून आल्यावर गारा भिजवलेला असायचा. मुलीची नखं काळी झाली. चौथ्या दिवशी तिने एक वाक्य लिहिलं, सहाव्या दिवशी दोन. सातव्या दिवशी एकही जमेना आणि ती भिंतीला लाथ मारून निघून गेली. आठव्या दिवशी तीन. माझी भूक गेली होती. मावशी म्हणाली, "परीक्षा तुही हाये का तिची?"

नवव्या दिवशी चार वाक्यं झाली. पाचवं झालं नाही.

परीक्षा शाळेतच होती. पुनर्परीक्षेला ती एकटीच. वर्गात एक बाक, एक मुलगी, गुरुजी. तिची आई फाटकाजवळ सावलीत बसली. मी खिडकीशी उभी राहिले. मला कोणी हटकलं नाही. पहिले प्रश्न तिने कोरे सोडले. मग पाच वाक्यांवर आली. पेन तिने बोटासारखं धरलं होतं, उभं. अर्ध्या तासात चार वाक्यं झाली. मग ती थांबली.

ती थांबूनच राहिली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग उठले, "पाणी पिऊन येतो" म्हणाले, आणि बाहेर हँडपंपावर गेले. आमच्याकडे पाठ करून ते कितीतरी वेळ पंप हापसत होते. ग्लास केव्हाच भरून वाहू लागला होता.

त्यांनी ते मुद्दाम केलं का, हे मी त्यांना कधीही विचारलेलं नाही. मी काय केलं ते मात्र सांगते. मागच्या वर्षी याच शाळेच्या फाटकावर ज्या मुलीने 'तरी पास कसे?' असं लिहून चिकटवलं होतं, त्या मुलीने खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि कुजबुजून सांगितलं, "लिही, आई भिंत लिंपते. आ, ई..."

तिने माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली. बकरी कुंपणात शिरली की ती जशी पाहायची, तशी. मग मान खाली घालून लिहू लागली. मला वाटलं, लिहिते आहे. माझं वाक्य लिहिते आहे. मला त्या क्षणी लाज वाटली नाही, हेही खरं आहे.

गुरुजी आले. कागद उचलला. चार वाक्यं ओठ हलवत वाचली. बकरीचं, भाकरीचं, तलावात पाणी कमी झाल्याचं, आजाच्या बाजेचं. कानामात्रे इकडे तिकडे गेलेले. पाचव्याशी ते थांबले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"ताई खिडकीतून सांगून रायली."

मी गज सोडले. तोंड कुठे लपवावं ते कळेना. ती मुलगी भोळेपणाने दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिला पाच पाहिजे होती आणि पाचवं वाक्य समोरच घडत होतं. ते तिने लिहिलं होतं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "पाच," ते म्हणाले. मग खिडकीकडे न पाहता, "अन् हे तुमचं नाही, ताई. हे नक्की तुमचं नाही."

त्यांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि फाटकाशी जाऊन आईला दिली. मी मागोमाग गेले. निकालाचा कागद वाचायला ती माझ्याकडे आली होती म्हणून मी सवयीने हात पुढे केला. तिने चिठ्ठी माझ्या हाताच्या वरून नेली आणि मुलीसमोर धरली.

"वाच व."

मुलीने बोट ठेवलं. पहिला शब्द ओढत ओढत निघाला. दुसराही. तिसऱ्यावर ती अडली. 'उत्तीर्ण' होता तो. "उ..." ती म्हणाली. "उ..." बोट जागचं हलेना. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही ओठ दातांखाली धरले. सहावीच्या पुस्तकात असे शब्द ओळीओळीत असतील आणि चिचगडच्या वर्गाला मातीची भिंत नसेल, हे मला तेव्हाच दिसत होतं.

ऊन डोक्यावर आलं होतं. मागे गुरुजी शाळेला कुलूप लावत होते. आम्ही तिघी फाटकाशी उभ्या होतो आणि ती मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती.